येसकराच्या टोपलीपासून विहारातल्या खोलीपर्यंत

परभणी शहराच्या कडेला असलेल्या आमच्या वस्तीत विहाराला लागून एक खोली आहे. वर पत्रे, आत दोन सतरंज्या, एक लोखंडी कपाट आणि ज्वारीची एक पत्र्याची कोठी. दर रविवारी सकाळी मी तेथे जाऊन बसतो. प्राथमिक शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून हा नेम आहे. रेशन कार्डावरून नाव उडालेले, निराधाराचा पगार थांबलेल्या म्हाताऱ्या, अंगठ्याचा ठसा यंत्राला न पटलेले मजूर, बाळंतीण घरात असून पीठ नसलेले, असे सारे येतात. कोणाला आधी कळवावे लागत नाही, कोणाची ओळख लागत नाही. अर्ज लिहायचा असेल तर आम्ही लिहितो, कचेरीत सोबत जायचे असेल तर जातो, आणि चूल थांबली असेल तर कोठीतून ज्वारी देतो.

मागच्या वर्षी एका पदवीधर तरुणाने मला तेथेच प्रश्न केला. "गुरुजी, बाबासाहेबांनी भाकर मागायची बंद केली. आन आपण पुन्हा धान्य वाटायला बसलो. मग आपण पुढं गेलो का मागं?"

प्रश्न रागाने विचारलेला नव्हता, म्हणूनच तो अधिक झोंबला. मी तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या इतिहासात शोधले पाहिजे असे मला वाटत राहिले. आपल्या चळवळीचा इतिहास आपण ठराव, परिषदा, मोर्चे यांच्या तारखांनी लिहिला. त्या प्रत्येक तारखेच्या दुसऱ्या दिवशी चुलीवर काय होते, हे मात्र फारसे कोणी लिहिले नाही. या लेखात मला तेवढेच मांडायचे आहे.

१

माझा जन्म जिंतूर तालुक्यातील एका गावी झाला. माझा आजा येसकर होता. येसकरीचा फेरा महारवाड्यातील घरांकडे पाळीने येई. ज्याची पाळी त्याने गावाची राखण करायची, सरकारी सांगावे पोचवायचे, आलेल्या अंमलदाराच्या घोड्याला चारा घालायचा, मेलेले जनावर ओढायचे. त्याबदल्यात सुगीला बलुते आणि रोज संध्याकाळी घरटी भाकर. ही भाकर आणायला माझी आजी टोपली घेऊन जाई. अंगणाच्या बाहेर उभी राहून हाक देई आणि वरून टाकलेला तुकडा टोपलीत झेली.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. ती भाकर भीक नव्हती. ती दिवसभराच्या कामाची मजुरी होती. पण गावगाड्याची सारी करामत यातच होती, की त्याने मजुरीला भिकेचे रूप दिले. कामाचा हिशेब ठेवला नाही, म्हणून मोबदल्यावर हक्क सांगता येईना. भाकर शिळी की ताजी, अर्धी की पाव, हे देणाऱ्याच्या मर्जीवर. घेणाऱ्याने मान खाली घालून घ्यायची. पिढ्यान्‌पिढ्या मजुरी भीक म्हणून स्वीकारल्यावर माणूस स्वतःलाच भिकारी समजू लागतो. बाबासाहेबांनी ज्या लाचारीवर घाव घातला ती ही लाचारी.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत त्यांनी मृत मांस आणि शिळे तुकडे सोडण्याचे सांगितले. परभणी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तिकडचा वारा इकडे पोचायला वेळ लागला. १९३८ साली भाऊसाहेब मोरे यांनी कन्नड तालुक्यात मक्रणपूर येथे परिषद भरविली आणि मराठवाड्यातील अस्पृश्यांना पहिल्यांदा आपल्या संख्येचे दर्शन घडले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १९५६ ला नागपूरची दीक्षा झाली आणि गावोगाव येसकरीच्या काठ्या मोडल्या गेल्या.

माझ्या आजाने काठी मोडली तो दिवस आमच्या घरात सणासारखा सांगितला जाई. पण आजी एकदा मला म्हणाली होती, "काठी त्यानं मोडली रं बाबा. पर त्या दिसापून चुलीत काय घालावं ह्ये मला इचारा." त्यानंतरची तीन वर्षे तरवट्याची भाजी आणि ज्वारीच्या कण्या यांवर काढली, असे ती सांगे. गावाने सूड म्हणून सुगीचे काम दिले नाही. शेत नव्हतेच. पुरुष परभणीला, पूर्णेच्या रेल्वेत, कुणी मुंबईला गेले. मागे बाया राहिल्या. स्वाभिमानाची किंमत त्यांनी उपाशी राहून मोजली, आणि ती मोजताना एकदाही टोपली पुन्हा उचलली नाही. ही गोष्ट मी कोणत्याही इतिहासात वाचलेली नाही.

२

या किमतीची जाण चळवळीला नव्हती असे नाही. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली तिने भूमिहीनांचे जे लढे दिले त्यांकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. १९५३ साली मराठवाड्यात पडीक आणि गायरान जमिनीसाठी सत्याग्रह झाला. पुढे ऑक्टोबर १९६४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद दिली आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह सुरू केला. तीन लाखांवर माणसे तुरुंगात गेली.

त्या सनदेत संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावण्याची मागणी होती आणि तिच्याच शेजारी भूमिहीनांना जमीन, धान्याचे पुरेसे वाटप, महागाईला आळा आणि किमान वेतन या मागण्या होत्या. सन्मान आणि धान्य एकाच कागदावर होते. आज आपल्यातले काही विचारवंत या दोन गोष्टी वेगळ्या काढून एकीला मोठी व दुसरीला हलकी ठरवितात. तुरुंगात गेलेल्या त्या निरक्षर बायाबापड्यांना हा भेद माहीत नव्हता. पोटाचा प्रश्न सन्मानाने सुटला पाहिजे, एवढेच त्यांना कळत होते.

३

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आधीची दोन सालेही कोरडीच गेली होती. त्या साली पावसाने पाठ फिरविली आणि खरीप गेला. ज्यांची शेते होती ते सालभर कर्जावर रेटू शकत होते. ज्यांचे हात हेच शेत, त्यांना दुसऱ्या आठवड्यापासून उपास. सरकारने दुष्काळी कामे काढली. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबंडिंग. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील या कामांवर पन्नास लाखांच्या घरात माणसे होती. माझी माय त्यांतली एक. तिच्या डाव्या हाताचा अंगठा घणाखाली ठेचला होता. तो शेवटपर्यंत वाकडाच राहिला.

कामावर सुकडी मिळे. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळे. त्याची भाकर थापली की फुटे आणि खाल्ली की घशात अडके. ज्या गावात कधी सवर्णांनी रेशनच्या रांगेकडे पाहिले नव्हते, त्या गावात पाटलांच्या घरच्या बायाही घण घेऊन खडीवर बसल्या. दुष्काळाने जात मोडली असे तेव्हा पुष्कळांनी लिहिले. मी त्या खडीवर होतो. खडीचा ढीग एक होता, मजुरी एक होती, पण पाण्याचे रांजण दोन होते.

आणि पाण्याचे म्हणाल तर त्याच वर्षी, मे १९७२ मध्ये, आमच्याच परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे सवर्णांच्या विहिरीवर पाण्यासाठी गेलेल्या दोन बौद्ध स्त्रियांना मारहाण करून विवस्त्र करण्यात आले. तहान ही माणसाची पहिली गरज. तिच्यासाठी अब्रू मोजावी लागली. त्या संतापातून, आणि पुणे जिल्ह्यातील बावड्याच्या बहिष्कारासारख्या इतर घटनांतून, त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात मुंबईत दलित पँथरचा जन्म झाला. राजा ढाले यांनी 'साधना'च्या १५ ऑगस्ट १९७२ च्या अंकात राष्ट्रध्वजाच्या अवमानाची शिक्षा आणि दलित स्त्रीच्या अब्रूवर हात टाकण्याची शिक्षा शेजारी शेजारी ठेवून दाखविली, आणि महाराष्ट्र हादरला. बाबा आढाव यांची 'एक गाव एक पाणवठा' मोहीमही याच काळातली. परभणी जिल्ह्याचे नाव अशा रीतीने आपल्या चळवळीच्या इतिहासात पाण्याने लिहिले गेले आहे.

या मोठ्या घटना सर्वांना माहीत आहेत. मला त्याच वर्षातली एक लहान गोष्ट सांगायची आहे. आमच्या बौद्धवाड्यात श्रमदानाने समाजमंदिर बांधणे सुरू होते. दुष्काळामुळे भिंती चौकटीच्या उंचीवर थांबल्या. वर छप्पर नाही, दाराला फळी नाही. त्या अर्धवट खोलीत वाड्यातील बायांनी एक रांजण पुरला. आठवड्याची मजुरी झाली की प्रत्येक घराने त्यात मूठ मूठ मिलो टाकायचा. जी घरे कामावर जाऊ शकत नव्हती, म्हणजे बाळंतीण, म्हातारी, आंधळा, ज्याचा हात मोडला तो, त्यांनी त्यातून न्यायचे. कोण नेतो ते कोणी पाहायचे नाही म्हणून नेण्याची वेळ अंधार पडल्यावरची ठेवली होती. हिशेब माझी चुलती कोळशाने भिंतीवर रेघा ओढून ठेवी. किती मुठी आल्या एवढ्याच रेघा. कोणी नेले त्याची रेघ नव्हती.

मुष्टिफंड महाराष्ट्राला नवा नव्हता. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहांना या मुठीचा आधार होता. मराठवाड्यात मिलिंद महाविद्यालयात शिकणाऱ्या पोरांसाठी खेड्यातल्या लोकांनी पदराला खार लावला तो याच वृत्तीने. पण आमच्या वाड्यातील बायांना यातले काही माहीत नव्हते. त्यांना येसकराची टोपली माहीत होती आणि तिच्यात जे होते ते त्यांना नको होते. देणारा वर उभा नाही, घेणारा अंगणाबाहेर उभा नाही, अशी पद्धत त्यांनी स्वतः शोधून काढली. माझ्या मते दलित समाजाने गावगाड्याला दिलेले हे एक उत्तर होते.

सरकारी पातळीवरही याच दुष्काळातून एक मोठी गोष्ट निघाली. वि. स. पागे यांनी आधीच मांडलेली रोजगार हमीची कल्पना १९७२ मध्ये राज्यभर लागू झाली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागणे हा हक्क, आणि देणे हे सरकारचे कर्तव्य, असे कायद्याच्या भाषेत आले. १९७३ च्या खडीवर बसलेल्या माणसांचा त्यात मोठा वाटा आहे. कामे बंद झाली, मजुरी अडली की त्यांनी तहसिलीवर मोर्चे नेले. टोपलीतली भाकर मर्जीची होती. हजेरीपटावरची मजुरी कायद्याची झाली. दोहोंतले अंतर मोजायचे असेल तर माझ्या मायचा ठेचलेला अंगठा आठवावा लागेल.

४

दलित पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतील ब्लॅक पँथर या काळ्यांच्या संघटनेवरून. तिच्या बंदुका आणि काळ्या जाकिटांची छायाचित्रे आपल्याकडे पोचली. एक गोष्ट मात्र फारशी पोचली नाही. १९६९ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात एका चर्चच्या खोलीत त्यांनी शाळेत जाणाऱ्या मुलांना फुकट न्याहारी देणे सुरू केले. पाहता पाहता ते अनेक शहरांत पसरले. पुढे कपडे, जोडे, दवाखाने अशी कामे त्याला जोडली गेली. अमेरिकी सरकारला त्यांच्या बंदुकीइतकेच या न्याहारीचे भय वाटे. कारण उपाशी पोराला दूध देणारा माणूस त्या पोराला हेही सांगत होता, की तू उपाशी आहेस तो तुझा दोष नाही.

आम्ही तरुणपणी पँथरच्या सभांना गेलो, घोषणा दिल्या, त्याचा मला आजही अभिमान आहे. त्या आवाजाने आमच्या पाठीचा कणा सरळ केला. पण आम्ही नाव घेतले आणि न्याहारी घेतली नाही, ही कबुली मला येथे दिली पाहिजे. चौकातल्या सभेतून मध्यरात्री घरी आलो तेव्हा मायने झाकून ठेवलेली भाकर आम्ही खाल्ली. ती कोठून आली हे विचारले नाही. संघटना फुटल्या, गट पडले, नेते इकडून तिकडे गेले. समाजमंदिरातला रांजण मात्र बायांनी सांभाळला. म्हणून तो टिकला.

५

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतील खेड्यांना त्याची मोठी झळ लागली. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे मारले गेले. आमच्या गावात घरे जळाली नाहीत. आमच्या गावाने दुसरा मार्ग धरला. बहिष्कार.

मी तेव्हा परभणीला शिकत होतो. गावी पोचलो तो वाडा शांत होता. शेतातले काम बंद. दुकानदार मीठसुद्धा देईना. गिरणीवाल्याने आमचे दळण घेणे थांबविले. घरात ज्वारी होती, पण पीठ नव्हते. आग लागली तर ती सर्वांना दिसते, वर्तमानपत्रात येते. गिरणीचा पट्टा चढला नाही ही बातमी कोण छापणार? मुख्य गोष्ट अशी, की भाकरीची दोरी दुसऱ्याच्या हातात असेल तर त्याला काठी उगारावीही लागत नाही.

बायांनी परसात पालथी पडलेली जाती पुन्हा मांडली. पहाटेपासून त्यांची घरघर सुरू होई. समाजमंदिराला तोवर पत्रे पडले होते. तेथे सर्वांचे धान्य एकत्र आणले गेले, मीठ-मिरची जिंतूरच्या बाजारातून डोक्यावर आली, आणि दोन महिने वाडा गावाच्या दारात गेला नाही. शेवटी सुगी तोंडावर आली, मजूर मिळेनात, तेव्हा गावच बोलावणे घेऊन आले. या वेळी आमच्या बापांनी मजुरीचा दर आधी ठरविला आणि मग विळे उचलले. विद्यापीठाच्या नामविस्ताराला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले. पण आमच्या गावापुरता एक ठराव त्या खोलीने १९७८ मध्येच मंजूर करून घेतला होता.

६

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे येतो. १९७२ नंतर पुष्कळ कायदे झाले. १९८० मध्ये संजय गांधी निराधार योजना आली. २००५ मध्ये रोजगाराची हमी देशाच्या कायद्यात आली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी दरमहा पाच किलो आणि अंत्योदयाच्या घराला पस्तीस किलो धान्याचा हक्क दिला. मग खोलीची गरज काय?

गरज अशी, की हक्क कागदावर असतो आणि कागद कचेरीत असतो. खिडकीशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाईला "पुढच्या सोमवारी या" असे सांगितले जाते, तेव्हा ती पुन्हा अंगणाबाहेर उभी असते. मजुरीला भिकेचे रूप देणारा गावगाडा गेला, पण हक्काला मेहरबानीचे रूप देण्याची सवय गेलेली नाही. आमच्या खोलीतले खरे काम ज्वारी वाटण्याचे नाही. अर्जाची पोच घ्या, तारीख लिहून घ्या, कोणत्या नियमाखाली नाकारले ते लेखी मागा, हे शिकविण्याचे आहे. ज्वारी एवढ्यासाठी, की उपाशी माणसाला सोमवारपर्यंत थांबता यावे.

२०२० च्या मार्चमध्ये देश बंद झाला आणि आमच्या भागातील माणसे पुण्या-मुंबईहून, साखर कारखान्यांच्या फडांवरून परत आली, तेव्हा ही खोली दिवसरात्र उघडी होती. पुढे १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीच्या रेल्वे स्थानकासमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदनंतर वस्त्यांत धरपकड झाली आणि कायद्याचा विद्यार्थी असलेला सोमनाथ सूर्यवंशी हा तरुण १५ डिसेंबरला कोठडीत असताना मरण पावला. तो वडार समाजाचा होता. त्या दिवसांत मला १९७८ आठवत होते. घरातला कमावता कोठडीत असला की पहिल्या दिवशी वकील लागतो आणि दुसऱ्या दिवशी पीठ लागते.

पण या खोलीची एक लाजेची गोष्टही सांगतो. टाळेबंदीतच एक मातंग बाई दाराशी आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. पदरात लेकरू, हातात पिशवी. मी म्हणालो, "आत या की बाई." ती म्हणाली, "नको गुरुजी, हितनंच द्या." तिच्या उभे राहण्यात मला माझी आजी दिसली. वर्षानुवर्षे उघड्या असलेल्या आमच्या दारातून मातंगवाड्यातले, वडारवस्तीतले, पारध्यांच्या पालांतले किती लोक आत आले होते? आम्ही कोणाला अडविले नव्हते. पण बोलावलेही नव्हते. आमच्याही दाराला अंगण होते आणि ते आम्हाला दिसले नव्हते. त्या दिवसानंतर आम्ही रविवारी खोलीत बसण्याऐवजी महिन्यातून दोन वेळा त्या वस्त्यांत जाऊन बसू लागलो. आता त्या बाईची थोरली मुलगी खोलीत अर्ज लिहिते. तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे.

तेव्हा त्या तरुणाला मला सांगायचे आहे ते असे. बाबासाहेबांनी भाकर खाणे सोडायला सांगितले नव्हते, मान खाली घालून घेणे सोडायला सांगितले होते. आपण पुढे गेलो की मागे, हे ज्वारीच्या कोठीवरून ठरणार नाही. देणारा आणि घेणारा एकाच सतरंजीवर बसतात की नाही, आणि ज्वारी नेणाऱ्याच्या हातात परत जाताना लिहिलेला अर्जही असतो की नाही, यावरून ते ठरेल. ज्या रविवारी नुसती ज्वारीच दिली गेली, त्या रविवारी आपण टोपलीकडे परत गेलो, हे मी मान्य करतो. असे रविवार आमच्याकडूनही गेले आहेत.

शेवटी शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांना एक विनंती. १९७२ च्या खडीवर बसलेल्या बाया आता ऐंशीच्या घरात आहेत. माझी माय गेली, कोळशाच्या रेघा ओढणारी चुलती गेली, समाजमंदिराच्या त्या भिंतीला गिलावा झाला. तुमच्या गावात अशी कोणी म्हातारी असेल तर तिच्याजवळ बसा. ठराव कोणी मांडला हे तिला विचारू नका. काठी मोडली त्या रात्री चुलीवर काय होते, हे विचारा आणि ती सांगेल तसे लिहून घ्या.